छपराचा सातबारा

(आपल्या गावच्या देवळाच्या जीर्णोद्धार सोहळ्यात, गोराई येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली, त्याबद्दल मी समितीचा ऋणी आहे. मी काही इंजिनीअर नव्हे की शास्त्री-पंडित नव्हे. तालुका कचेरीत कारकुनी करणारा, एस.एस.सी.पर्यंत शिकलेला साधा माणूस आहे. देवाधर्मावर बोलणारे माझ्याहून अधिकारी वक्ते आज येथे आहेत. तेव्हा मी माझ्या आवाक्यातला विषय घेतला आहे. तो म्हणजे छपराचा ढाळ. घराचे छप्पर किती उभे आहे, ते कसे मोजायचे, आणि ते मोजल्यावाचून पैसा का खर्च करू नये, एवढेच मला सांगायचे आहे.

आता कोणी म्हणेल, सुताराचे काम सुताराला ठाऊक, आपल्याला काय त्याचे? खरे आहे. परंतु घर आपले, पैसा आपला आणि जून महिन्यात खाटेखाली घमेले लावायचे तेही आपल्यालाच. म्हणून ढाळ मोजणे हे घरमालकाला आणि घरमालकिणीलाही यायला हवे. ते अवघड नाही. चौथीतल्या मुलाला येणारा भागाकार आला म्हणजे पुरते.

या विषयाची निकड कशी भासली ते सांगतो. सभामंडपाच्या छपराचे काम निघाले, तेव्हा समितीकडे दोन मिस्त्रींचे अंदाज आले. दोघांनीही कागदावर एकच शब्द लिहिला होता, ‘ढाळ चौथाई’. शब्द एक, पण छपराच्या उंचीचे आकडे निराळे. एकाची उंची ६ फूट, दुसऱ्याची ३ फूट. बैठकीत बरीच चर्चा झाली. काहींना वाटले, यातला एक फसवतो आहे. कोणीच फसवत नव्हते. मंडपाची रुंदी, म्हणजे सुतार ज्याला गाळा म्हणतात तो, २४ फूट. पहिल्याने अख्ख्या गाळ्याचा चौथा हिस्सा धरला, तो झाला ६ फूट. दुसऱ्याने भिंतीपासून मधल्या आढ्यापर्यंतच्या निम्म्या गाळ्याचा, म्हणजे १२ फुटांचा चौथा हिस्सा धरला, तो झाला ३ फूट. दोघेही आपापल्या बोलीत बरोबर होते. पण एकाचे छप्पर दुसऱ्याच्या दुप्पट उंच होणार होते. मंडळी, कागदावर ‘चौथाई’, ‘तिसाई’ असा नुसता शब्द लिहून देवळाचे काम काय, गोठ्याचे कामही देऊ नये, हा पहिला धडा.

मग लिहायचे काय? सगळ्यात सोपी आणि गोंधळ न होणारी रीत अशी, की आडवे १२ इंच गेल्यावर छप्पर उभे किती इंच चढते ते सांगायचे. १२ इंच आडवे गेल्यावर ६ इंच चढले तर ‘१२ ला ६’. ७ इंच चढले तर ‘१२ ला ७’. यात गाळा किती हा प्रश्नच येत नाही. घर लहान असो वा मोठे, १२ ला ७ म्हणजे सर्वत्र एकच ढाळ. वरच्या दोन अंदाजांपैकी पहिला १२ ला ६ होता आणि दुसरा १२ ला ३.

आपल्या कोकण किनाऱ्यावर मंगलोरी कौलांच्या छपराला साजेसा ढाळ १२ ला ७ च्या आसपासचा, म्हणजे सुमारे ३० अंशांचा. लक्षात ठेवायला सोपे जावे म्हणून मी त्याला छपराचा सातबारा म्हणतो. आमच्या कचेरीतला सातबारा वेगळा. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा मिळून तो उतारा झाला. त्याचा ढाळाशी काही संबंध नाही. पण जमिनीचा सातबारा जसा आपण जपून ठेवतो, तसा छपराचाही ठेवावा, म्हणून हे नाव.

छपराला ढाळ लागतो तो कशासाठी? ‘आढ्याचे पाणी वळचणीला’ असे आपण बोलताना म्हणतो. ते पाणी वळचणीला जायलाच हवे, आणि लवकर जायला हवे. कौलारू छप्पर हे भांड्यासारखे अखंड नसते. प्रत्येक कौल खालच्या कौलावर काही अंतर चढलेले असते. नेहमीच्या मापाच्या मंगलोरी कौलात हे चढण निदान ६० मिलिमीटर, म्हणजे सुमारे सव्वादोन ते अडीच इंच असते. वारा समोरून पाऊस मारतो तेव्हा पाणी या फटीतून वर सरकू पाहते. वर सरकायचे म्हणजे त्याला तेवढी उंची चढावी लागते. १२ ला ६ ढाळावर त्या ६० मिलिमीटरांची उभी उंची सुमारे २७ मिलिमीटर भरते. १२ ला ३ ढाळावर ती जेमतेम साडेचौदा मिलिमीटर राहते. म्हणजे कौल तेच, सुतार तोच, पण पाण्याला अडवणारा उंबरठा निम्मा झाला. शिवाय प्रत्येक कौलाचे खालचे टोक दुसऱ्या कौलावर टेकलेले असल्यामुळे कौल स्वतः वाशापेक्षा थोडे आडवेच बसते. म्हणून वाशाचा ढाळ हाताशी थोडा जास्त ठेवावा लागतो. त्यात शेवाळ, पालापाचोळा आणि उंदरांनी कोंबलेला कचरा यांची भर पडली, की पाणी थांबते आणि आत झिरपते.

महाराष्ट्रातच पाहा. सोलापूर-मराठवाड्याकडे जुनी घरे माळवदाची, वर सपाट मातीचे धाबे. तिथे पाऊस आपल्या मानाने साधारण तिसरा हिस्सा. त्यामुळे सपाट धाबे चालले, त्यावर धान्य वाळवता आले, उन्हाळ्यात झोपता आले. आपल्याकडे सांताक्रूझच्या वेधशाळेत पावसाळ्याच्या चार महिन्यांची सरासरी २,२०० मिलिमीटरहून जास्त आहे. म्हणून कोकणात आणि पुढे केरळपर्यंत उभी छपरे. थंड देशांत बर्फ साचू नये म्हणून छपरे त्याहूनही उभी करतात. ढाळ हा हौसेचा भाग नव्हे. आभाळातून काय आणि किती पडते, त्यावर तो ठरलेला असतो.

मंगलोरी कौलही आपल्याकडे पूर्वापार नव्हते. पूर्वी नळीची कौले किंवा गवत-झावळ्यांची छपरे असत. १८६५ साली बाझेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि खोबणीत खोबण बसणारे हे सपाट कौल हळूहळू साऱ्या पश्चिम किनाऱ्यावर पसरले. या कौलाच्या खोबणीमुळे ढाळ थोडा कमी चालतो, पण खोबण आहे म्हणून कितीही आडवे करावे असे नाही. साधारण नियम असा धरावा, की मंगलोरी कौलाला १२ ला ६ पेक्षा कमी ढाळ आपल्या पावसात नको. आणि फार उभाही नको. १२ ला १२ च्या वर गेले, की कौल रिपेवरून सरकू लागते आणि प्रत्येक कौल तारेने किंवा खिळ्याने जखडावे लागते.

आता प्रत्यक्ष मोजायचे कसे ते सांगतो. एक ताकीद आधी. ढाळ मोजण्यासाठी छपरावर चढू नका. सिमेंटचा पत्रा वरून धडधाकट दिसतो आणि पायाखाली एकदम फुटतो. ओल्या कौलावरून पाय सटकतो. सगळे माप घराच्या आतून, माळ्यावर किंवा घोड्यावर उभे राहून घेता येते.

पहिली रीत पाणसळीची. दोन फुटांची सरळ पट्टी घ्या, तिच्यावर १२ इंचांवर खूण करा. पट्टीचे एक टोक वाशाच्या खालच्या अंगाला टेकवा आणि दुसरे टोक आढ्याच्या दिशेने धरा. पट्टीवर पाणसळ ठेवून बुडबुडा मधोमध आणा. आता १२ इंचांच्या खुणेपासून सरळ वर, वाशाच्या खालच्या अंगापर्यंत किती इंच भरतात ते मोजा. ७ भरले तर १२ ला ७. अधिक नेमके हवे असेल तर २४ इंचांवर मोजा आणि आलेल्या आकड्याचे निम्मे करा, म्हणजे एखाद्या सुताची चूक असली तरी तीही निम्मी होते. जुना वासा मध्ये वाकलेला असतो, म्हणून आढ्याजवळ, मधे आणि वळचणीजवळ अशी तीन ठिकाणी मापे घ्या.

पाणसळ नसेल तर दुसरी रीत गुण्या आणि ओळंबा. गुण्याची एक बाजू ओळंब्याच्या दोरीला समांतर धरली, की दुसरी बाजू आपोआप आडवी झाली. पुढचे माप वरच्यासारखेच. गवंड्याकडची पाणी भरलेली पारदर्शक नळी असेल तर लांबच्या अंतरावरही आडवी रेघ मिळते.

तिसरी रीत अख्ख्या घराची. समोरासमोरच्या भिंतींच्या माथ्यावर आडवी दोरी ताणा. आढ्यापासून ओळंबा सोडा. आढ्यापासून दोरीपर्यंतची उंची इंचांत घ्या, आणि ओळंब्यापासून भिंतीपर्यंतचे आडवे अंतर फुटांत घ्या. इंचांना फुटांनी भागा. जो आकडा येईल तोच ‘१२ ला’ किती याचे उत्तर. समजा उंची ५ फूट ३ इंच, म्हणजे ६३ इंच भरली आणि आडवे अंतर ९ फूट. ६३ भागिले ९ बरोबर ७. झाला छपराचा सातबारा. मात्र गावठाणातल्या पुष्कळ जुन्या घरांत आढे बरोबर मधोमध नसते, एक पाखे लांब आणि दुसरे आखूड असते. तिथे गाळ्याचे निम्मे करू नका. दोन्ही पाखी वेगवेगळी मोजा.

चौथी रीत आजकालच्या मुलांची. मोबाईलमध्ये तिरकेपणा अंशांत दाखवणारी सोय असते. ती वापरायला हरकत नाही, पण मोबाईल कौलाच्या वळणावर न ठेवता सरळ पट्टीवर ठेवावा, आणि उलटसुलट धरून दोन्ही वेळा तोच आकडा येतो का ते पाहावे.

अंश, टक्के आणि इंच यांचा मेळ बसवताना चुका फार होतात. टक्के म्हणजे आडवे १०० गेल्यावर उभे किती. त्यामुळे ४५ अंश म्हणजे ५० टक्के नव्हे, ते १०० टक्के. आणि ३० अंश म्हणजे ३० टक्के नव्हे, सुमारे ५८ टक्के. कंत्राटदाराच्या कागदावर ‘३० ढाळ’ असे लिहिले असेल तर आधी विचारा, अंश की टक्के? दोन्हींत जवळजवळ दुपटीचे अंतर आहे. सोयीसाठी छोटा तक्ता देतो. शेवटचा आकडा म्हणजे आडव्या १०० फुटांना वासा किती फूट लागतो तो.

१२ ला ३ : १४ अंश, २५ टक्के, वासा १०३.१
१२ ला ४ : १८.४ अंश, ३३.३ टक्के, वासा १०५.४
१२ ला ५ : २२.६ अंश, ४१.७ टक्के, वासा १०८.३
१२ ला ६ : २६.६ अंश, ५० टक्के, वासा १११.८
१२ ला ७ : ३०.३ अंश, ५८.३ टक्के, वासा ११५.८
१२ ला ८ : ३३.७ अंश, ६६.७ टक्के, वासा १२०.२
१२ ला ९ : ३६.९ अंश, ७५ टक्के, वासा १२५
१२ ला १२ : ४५ अंश, १०० टक्के, वासा १४१.४

हा शेवटचा आकडा कुठून आला? आडवे अंतर आणि उंची यांचे वर्ग करून बेरीज केली, की वाशाच्या लांबीचा वर्ग मिळतो. शाळेत आपण हे पायथागोरसच्या नावाने शिकलो. आपल्याकडे बौधायनाच्या शुल्बसूत्रांत यज्ञवेदी मांडताना दोरीच्या मापाने हीच गोष्ट सांगितलेली आहे. मिसर देशात पिरॅमिड बांधणारेही एक हात उंची चढल्यावर दगड किती मुठी आत सरकवायचा, या मापाने ढाळ सांभाळत. म्हणजे उभे आणि आडवे यांचे प्रमाण धरणे ही रीत हजारो वर्षे जुनी आहे. सुतारांनी दोन जोड्या पाठ कराव्यात. आडवे १२ आणि उभे ५ असेल तर वासा बरोबर १३. आडवे १२ आणि उभे ९ असेल तर वासा बरोबर १५. नवीन माणसाचा हिशोब तपासायला या दोन जोड्या पुरतात.

आता देणगीदारांच्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा. ढाळ कमी केला तर किती पैसा वाचतो? सभामंडपाचेच माप घेऊ. गाळा २४ फूट, लांबी ३० फूट. वळचणीचे बाहेर आलेले अंग सध्या सोडून देऊ. जमिनीवरचे क्षेत्र ७२० चौरस फूट. १२ ला ३ ढाळाने दोन्ही पाख्यांचे मिळून क्षेत्र होते ७४२ चौरस फूट. १२ ला ६ ने ८०५. १२ ला ७ ने ८३४. म्हणजे उंची ३ फुटांवरून ७ फुटांवर नेली, दुपटीहून जास्त केली, तरी आच्छादन वाढले ते अवघे ९२ चौरस फूट. ब्रासही पुरा नाही! कौले साच्यानुसार ब्रासला सव्वाशे ते दीडशे लागतात. ब्रासला १३० धरली तर फरक सुमारे १२० कौलांचा. वासेही लांब लागतात. १२ ला ३ ला १२ फूट साडेचार इंच, तर १२ ला ७ ला १३ फूट ११ इंच, म्हणजे वाशामागे दीड-पावणेदोन फूट. बाजूच्या त्रिकोणी भिंती उंच होतात तो खर्च वेगळा. पण एवढ्या बचतीपायी दरसाल गळती, दरसाल शाकारणी आणि कुजलेली रीप पत्करायची का, हा विचार करायला हवा. समितीने तो केला आणि इतिवृत्तात ‘चौथाई’ खोडून ‘१२ ला ७’ असे स्पष्ट लिहिले. दोन्ही मिस्त्रींनी त्याच आकड्यावर नवे अंदाज दिले आणि मग ते अंदाज ताडून पाहता आले. त्याआधी ती तुलनाच होऊ शकत नव्हती.

गोराईकरांना या हिशोबाचे महत्त्व अधिक आहे. खाडीतली बोट माणसांना नेते-आणते, पण कौलांचा आणि लाकडाचा ट्रक भाईंदर-उत्तनकडून वळसा घालूनच येतो. वासे एक फूट आखूड निघाले तर दुसरी खेप आणि दुसरे भाडे. म्हणून ऑर्डर देण्यापूर्वी वळचणही हिशोबात घ्या. १२ ला ६ ढाळावर वळचण भिंतीबाहेर आडवी २ फूट काढली, तर आडवे माप १४ फूट झाले आणि वासा १५ फूट ८ इंच. शिवाय वळचण भिंतीच्या माथ्यापेक्षा १ फूट खाली येणार, तेव्हा खिडकीची झडप उघडते का तेही आधी पाहावे.

एक गंमत ध्यानात ठेवा. कौलांचा हिशोब तिरप्या क्षेत्रावर होतो, पण पाण्याचा हिशोब जमिनीवरच्या आडव्या क्षेत्रावर. सातबाऱ्यावर डोंगरउताराची जमीनही आडवीच मोजलेली असते, तसेच हे. छप्पर उभे केले म्हणून त्यावर जास्त पाऊस पडतो असे नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. आपला ७२० चौरस फुटांचा मंडप म्हणजे सुमारे ६७ चौरस मीटर. तसा दिवस त्याच्यावर आला तर सुमारे ६३ हजार लिटर पाणी, एकेका वळचणीला साडेएकतीस हजार. पन्हळ आणि गटार बांधताना हा आकडा डोळ्यांपुढे असावा.

आता दोन धोक्याच्या जागा. पहिली, दोन पाखी जिथे आत मिळतात ती पन्हळ. देवळाला मंडप जोडताना किंवा घराला नवा सोपा जोडताना ती तयार होते. दोन्ही पाखी १२ ला ६ असली तरी पन्हळीचा ढाळ १२ ला ६ नसतो. कोनवासा तिरपा धावतो, त्याला आडवे अंतर १२ ऐवजी १७ पडते. म्हणून तो १७ ला ६ होतो, म्हणजे १९ अंशांच्या जवळ. आणि दोन पाख्यांचे पाणी तिथेच एकत्र येते. कमी ढाळ आणि जास्त पाणी! छप्पर पहिल्यांदा तिथेच गळते. त्या जागी रुंद आणि अखंड पत्रा घालायला काटकसर करू नये.

दुसरी जागा पडवी. कुटुंब वाढले की आपण पडवी पुढे काढतो. समजा घराची वळचण जमिनीपासून ९ फुटांवर आहे आणि ८ फूट रुंद पडवी काढायची आहे. १२ ला ७ ढाळ तसाच पुढे नेला तर पडवीचे टोक ४ फूट ८ इंच खाली येते, उरले ४ फूट ४ इंच. माणूस वाकून आत जाणार! म्हणून मिस्त्री ढाळ १२ ला ३ करतो, टोक ७ फुटांवर राहते. इथवर ठीक. पण त्यावर वरचीच कौले पुढे घातली तर आजीची खाट पडवीत टिकणार नाही. तिथे आच्छादन बदलायला हवे. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या नियमांत नालीच्या लोखंडी पत्र्याला नेहमीचा ढाळ आडवे ३ ला उभे १, म्हणजे १२ ला ४ सांगितला आहे, आणि ५ ला १ पेक्षा, म्हणजे १२ ला सुमारे अडीच इंचांपेक्षा, कमी नको असे म्हटले आहे. पत्र्यावर पत्रा चढवायचा तो ढाळ २ ला १ किंवा अधिक उभा असेल तर निदान १५ सेंटिमीटर, त्याहून कमी ढाळाला निदान २० सेंटिमीटर. तेव्हा १२ ला ३ च्या पडवीला पत्रा चालेल, पण चढण २० सेंटिमीटरच हवी. एवढे साधे वाक्य कागदावर लिहून घेतले तर पुष्कळ घरे कोरडी राहतील.

ज्यांनी गच्ची घातली त्यांनीही आम्हाला ढाळाशी काय करायचे असे म्हणू नये. गच्चीलाही निदान १०० ला १ ढाळ लागतो, म्हणजे १० फुटांना सुमारे सव्वा इंच. तोही पाणसळीने तपासावा. आणि गोल घुमटाला तर एकच ढाळ नसतो. आपल्या गोराईतला विपश्यना पॅगोडा २००९ साली खुला झाला. त्याचा सुमारे २८० फूट व्यासाचा, खांबाविना उभा असलेला घुमट माथ्यावर जवळजवळ सपाट आणि कडेला उभा होत जातो. तिथे प्रत्येक जागेचा ढाळ वेगळा. आपली घरे त्या मानाने फारच सोपी आहेत.

वाऱ्याबद्दल थोडे. १७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटर वेगाचा झोत नोंदला गेला. त्याआधी ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळाने रायगड जिल्ह्यात असंख्य घरांची छपरे नेली. अशा वेळी पंचनाम्यांत ‘पत्रे उडाले’, ‘कौले फुटली’ हे शब्द पानोपानी येतात. पुष्कळांना वाटते, छप्पर जितके आडवे तितके वाऱ्यापासून सुरक्षित. तसे नाही. कमी ढाळाच्या हलक्या पत्र्यावरून वारा वेगाने जातो तेव्हा तो पत्र्याला दाबत नाही, वर ओढतो. उघड्या पडवीतून आत घुसलेला वारा खालून रेटतो. कडा, आढे आणि वळचण येथे ही ओढ सर्वांत जास्त. म्हणून ढाळ कमी केला तर हुक आणि बोल्ट वाढवावे लागतात. नुसते दगड ठेवून भागत नाही, उलट तेच दगड वादळात खाली येतात.

मंडळी, फार वेळ घेतला. आता समारोप करतो. आपल्या देवळात देणगीदारांची नावे फरशीवर कोरली जाणार आहेत, ती योग्यच आहे. माझी समितीला नम्र सूचना आहे, की सभामंडपात आढ्याखालच्या तुळईवर रंगाने एक ओळ आणखी लिहावी : गाळा २४ फूट, ढाळ १२ ला ७, कामाचे साल. पन्नास वर्षांनी आपली नातवंडे दुरुस्ती काढतील, तेव्हा त्यांना अंदाज करावा लागणार नाही. आणि प्रत्येकाने आपल्या घरीही तेच करावे. येत्या पावसाआधी एका रविवारी पट्टी आणि पाणसळ घेऊन आपला ढाळ मोजा, वाशावर खडूने लिहा. छप्पर बदलायचे असेल तर आधी ढाळ ठरवा, मग त्याला साजेसे आच्छादन घ्या, आणि तो आकडा ‘१२ ला’ या भाषेत करारावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. ज्यांच्या घरी मोजायला कोणी नाही, अशा म्हाताऱ्या माणसांची घरे आपल्या तरुण मंडळाने मोजून द्यावीत. मीही सुट्टीच्या दिवशी पट्टी घेऊन हजर राहीन.



जय हिंद! जय महाराष्ट्र!